फोटो तुमचा, हक्क कोणाचा? मोबाइल फोटोग्राफर आणि चित्रकारांसाठी कॉपीराइट व लायसन्सची संपूर्ण माहिती

आजचा विषय थोडा कायद्याचा आहे, पण घाबरू नका. माझ्या स्वतःच्या एका फोटोपासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी मी हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. सकाळी कोकणकड्यावर उभा असताना पाठीमागून ऊन आलं, समोर दरीत धुकं होतं आणि त्या धुक्यात इंद्रवज्र उमटलं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य. जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकलं. हातात साधा मोबाइल होता, त्यानेच फोटो काढला. कोपऱ्यात माझं नाव टाकून इन्स्टाग्रामवर पोस्ट केला. शे-दीडशे लाइक आले आणि मी विसरून गेलो.

आठ महिन्यांनी मित्राचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "अरे, तुझा फोटो फ्लेक्सवर!" एका ट्रेक आयोजकाने तो फोटो दहा बाय पंधरा फुटांच्या फ्लेक्सवर छापला होता. वर ट्रेकची फी, खाली मोबाइल नंबर. माझं नाव असलेला कोपरा कापून टाकलेला. मी फोन केला तर समोरून उत्तर आलं, "अहो, गुगलवरून घेतलाय. गुगलवरचं सगळं फ्रीच असतं."

खरं सांगतो, त्या क्षणी मला नक्की माहीत नव्हतं की चूक त्याची आहे की माझी. त्यानंतर मी भारताचा कॉपीराइट कायदा बसून वाचला. त्यातलं मोबाइलवर फोटो काढणाऱ्या आणि चित्रं काढणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं सगळं या लेखात एकत्र केलं आहे. मी वकील नाही. त्यामुळे प्रकरण मोठ्या रकमेचं असेल तर वकिलाचा सल्ला घ्याच.

कॉपीराइट म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे हा विषय 'कॉपीराइट कायदा, १९५७' या कायद्यात येतो. सरकारी मराठीत कॉपीराइटला 'प्रताधिकार' म्हणतात. कलाकृतीची प्रत काढणं, ती लोकांपर्यंत पोहोचवणं, तिच्यात फेरफार करून नवीन काही बनवणं, हे सगळं करण्याचा किंवा दुसऱ्याला करू देण्याचा हक्क म्हणजे कॉपीराइट.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की हा हक्क मिळवण्यासाठी काहीही करावं लागत नाही. अर्ज नको, नोंदणी नको, वर्तुळातला 'सी' लावायचीही गरज नाही. शटर दाबलं, फोटो सेव्ह झाला, की हक्क तयार झाला. चित्राचंही तसंच.

"पण माझा फोटो काही एवढा भारी नाही" असं कोणाला वाटत असेल तर कायदाच सांगतो, की छायाचित्र किंवा चित्र यात कलात्मक दर्जा असो वा नसो, ती 'कलाकृती'च आहे. कॅमेरा लाखाचा की मोबाइल दहा हजारांचा, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही.

भारत १९२८ पासून बर्न करारात आहे. या आंतरराष्ट्रीय करारात १८०हून जास्त देश आहेत. त्यामुळे साताऱ्यात काढलेल्या फोटोला जपानमध्ये किंवा फ्रान्समध्येही संरक्षण मिळतं.

फोटोचा 'लेखक' कोण?

कायद्याच्या भाषेत फोटोचा लेखक म्हणजे फोटो काढणारी व्यक्ती. मोबाइल कोणाचा, फोटोत कोण आहे, मेमरी कार्डाचे पैसे कोणी दिले, याने फरक पडत नाही. तुमच्या मोबाइलवर मित्राने तुमचा फोटो काढला, तर लेखक तो मित्र. घरगुती फोटोंच्या बाबतीत कोणी भांडत बसत नाही हे खरं, पण तोच फोटो उद्या जाहिरातीत गेला तर हा प्रश्न येतो.

यातलं जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे माकडाचा सेल्फी. २०११ मध्ये इंडोनेशियात एका माकडाने ब्रिटिश फोटोग्राफर डेव्हिड स्लेटर यांच्या कॅमेऱ्यावर स्वतःचे फोटो काढले. पुढे प्राणीहक्कांसाठी काम करणाऱ्या 'पेटा' संस्थेने माकडाच्या वतीने अमेरिकेत खटला भरला. २०१८ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं, की प्राण्याला कॉपीराइटचा दावा करता येत नाही. हसू येतं, पण या भांडणात स्लेटर यांची बरीच वर्षं गेली.

पैसे घेऊन फोटो काढला तर गणित बदलतं

हा भाग नीट वाचा. इथे मी स्वतः आपटलो आहे.

कोकणातल्या एका होमस्टेच्या मालकांनी मला बोलावलं. दोन दिवस राहणं-जेवण आणि सहा हजार रुपये, बदल्यात त्यांच्या वेबसाइटसाठी फोटो. लेखी काही नाही, सगळं फोनवर. वर्षभराने पाहतो तर तेच फोटो एका पर्यटन पुस्तिकेत. मालकांनी ते परस्पर दिले होते. मी तावातावाने कायदा उघडला आणि गप्प झालो, कारण कायदा त्यांच्या बाजूने होता.

कलम १७ काय म्हणतं? कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं असेल, तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा माणूस असतो. लेखक तुम्हीच, पण मालक तो. लग्नाचे फोटो, प्रॉडक्ट शूट, वाढदिवस, हॉटेलचा मेन्यू, सगळीकडे हाच नियम.

बाकीचे प्रकार असे:

- नोकरीत असाल तर: नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक तुमची कंपनी, जर करारात वेगळं लिहिलं नसेल तर.
- वृत्तपत्रात किंवा मासिकात नोकरी असेल तर: प्रसिद्धीपुरता हक्क मालकाचा, पण बाकीच्या वापराचा हक्क तुमच्याकडे राहतो.
- स्वतःच्या मनाने फोटो काढून नंतर विकला तर: मालक तुम्हीच. विकताना जेवढं लिहून द्याल, तेवढंच समोरच्याला मिळतं.

सगळ्याचा अर्थ एकच, की काम सुरू करण्याआधी लिहून घ्या. मी आता शूटच्या आधी क्लायंटला असा मजकूर पाठवतो आणि 'मान्य' असं लेखी उत्तर आल्याशिवाय बॅग भरत नाही:

"या शूटमधील सर्व फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. आपल्याला हे फोटो आपली वेबसाइट, सोशल मीडिया आणि छापील माहितीपत्रक यांसाठी २ वर्षं वापरता येतील. इतर कोणाला देण्याआधी किंवा इतर कामासाठी वापरण्याआधी माझी लेखी परवानगी घ्यावी. फोटोसोबत माझं नाव द्यावं."

रक्कम मोठी असेल तर हाच मजकूर कागदावर छापून दोघांच्या सह्या घेतो.

हा हक्क किती वर्षं टिकतो?

भारतात कलाकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कलाकृतीचा हक्क कलाकाराचं पूर्ण आयुष्य आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. पूर्वी फोटोंसाठी वेगळा नियम होता, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने तो काढला आणि फोटोग्राफर इतर कलाकारांच्या रांगेत आले.

मुदत संपली की कलाकृती 'पब्लिक डोमेन'मध्ये जाते, म्हणजे सगळ्यांची होते. दोन मराठी चित्रकारांची उदाहरणं घेऊ. कोल्हापूरचे रावबहादूर एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये गेले. १९४४ अधिक ६०, म्हणजे २००४ च्या अखेरीस त्यांच्या चित्रांची मुदत संपली. आता दुसरं. हातात समई घेतलेल्या, बोटांच्या फटींतून प्रकाश झिरपणाऱ्या स्त्रीचं जलरंगातलं चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये ते आहे. व्हॉट्सॲपवर ते राजा रविवर्मा यांच्या नावावर फिरत असतं, पण ते आहे सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकर यांचं. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, हळदणकर १९६८ मध्ये. म्हणजे रविवर्म्याचं समजून कोणी ते कॅलेंडरवर छापलं तर त्याचं गणित चुकतं, कारण हळदणकरांच्या बाबतीत ६० वर्षं २०२८ च्या अखेरीस पूर्ण होतात. एका चुकीच्या नावामुळे चित्रकाराचं श्रेयही जातं आणि छापणाराही अडचणीत येऊ शकतो.

इथेच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. चित्राचा कागद किंवा कॅनव्हास विकत घेतला म्हणजे कॉपीराइट विकत घेतला असं होत नाही. तुमचं पेंटिंग कोणी घरात लावायला नेलं, तर ते टी-शर्टवर छापून विकण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. पण लक्षात आहे ना, ते त्याच्याच ऑर्डरवरून, पैसे घेऊन काढलेलं असेल तर कलम १७ पुन्हा आडवं येतं.

नावाचा हक्क विकूनही जात नाही

कलम ५७ मध्ये कलाकाराचे 'विशेष हक्क' आहेत. कॉपीराइट पूर्ण विकला तरी दोन गोष्टी तुमच्याकडे राहतात. एक, ही कलाकृती माझी आहे असं सांगण्याचा हक्क. दोन, तुमच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी तोडमोड कोणी केली तर त्याविरुद्ध जाण्याचा हक्क.

शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प घडवलं. १९७९ मध्ये ते न विचारता उतरवून गोदामात टाकलं गेलं आणि त्याची मोडतोड झाली. सेहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की शिल्पाचे अवशेष त्यांना परत करा आणि ५ लाख रुपये भरपाई द्या. शिल्पाचे पैसे सरकारने दिले होते, शिल्प सरकारचं होतं, तरीही.

म्हणून होमस्टेच्या प्रकरणात मला पैसे मागता आले नाहीत, पण नाव मागता आलं. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत ते छापून आलं.

इन्स्टाग्रामवर टाकला म्हणजे हक्क गेला का?

नाही. इन्स्टाग्रामच्या अटींतच लिहिलंय, की फोटोची मालकी तुमचीच राहते. पण पोस्ट करताना तुम्ही कंपनीला एक लायसन्स देता. जगभर, विनामोबदला, पुढे इतरांना देता येईल असं हे लायसन्स असतं. त्याशिवाय त्यांना तुमचा फोटो दुसऱ्याच्या स्क्रीनवर दाखवताच येणार नाही. फोटो त्यांच्या सिस्टीममधून डिलीट झाला की ते लायसन्स संपतं.

हे लायसन्स कंपनीला दिलेलं असतं, स्क्रीनशॉट मारणाऱ्या तिसऱ्या माणसाला नाही. हा फरक अमेरिकेतल्या एका मोठ्या खटल्यात स्पष्ट झाला. जानेवारी २०१० मध्ये हैतीमध्ये प्रचंड भूकंप झाला. तिथले फोटोग्राफर डॅनियल मोरेल यांनी आपले फोटो ट्विटरशी जोडलेल्या ट्विटपिकवर टाकले. दुसऱ्या एकाने ते स्वतःचे म्हणून पुन्हा टाकले आणि तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने उचलून गेटी इमेजेसमार्फत जगभर पाठवले. एएफपीचं म्हणणं होतं, की ट्विटरच्या अटींमुळे आम्हाला वापरता येतात. कोर्टाने ते मान्य केलं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली.

लायसन्स म्हणजे भाड्याने देणं

कॉपीराइट विकणं म्हणजे घर विकणं, आणि लायसन्स देणं म्हणजे घर भाड्याने देणं. घर तुमचंच राहतं, फक्त कोण राहणार, किती दिवस आणि काय करणार हे ठरतं. कायद्यानुसार विक्री आणि लायसन्स दोन्ही लेखी हवं, आणि विक्रीच्या करारावर तुमची सहीही हवी.

लायसन्समध्ये या गोष्टी लिहाच:

१. कोणता फोटो: फाइलचं नाव किंवा छोटी प्रत जोडा.
२. कशासाठी: फक्त वेबसाइट, की फ्लेक्स, पुस्तक, जाहिरात, टी-शर्टसुद्धा.
३. किती काळ: मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो.
४. कुठे: प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतं धरलं जातं.
५. एकट्यालाच की इतरांनाही: 'एक्सक्लुझिव्ह' दिलं तर त्या काळात तोच फोटो दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून त्याचे पैसे जास्त घ्या.
६. रक्कम आणि नाव: पैसे कधी मिळणार, नाव कुठे आणि कसं छापणार.

'फोटोचे सर्व हक्क कायमस्वरूपी देत आहे' असं वाक्य बऱ्याच फोटो स्पर्धांच्या अटींत शेवटी बारीक अक्षरांत असतं. मी आता आधी ते शोधतो, मग बक्षिसाची रक्कम बघतो.

स्टॉक साइटवर विकायचं असेल तर

शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक, अलामी अशा साइटवर फोटो लावता येतात. तिथला 'रॉयल्टी-फ्री' हा शब्द फसवा आहे. त्याचा अर्थ फुकट असा नाही. घेणारा एकदा पैसे भरतो आणि अटींत राहून अनेकदा वापरतो, दरवेळी वेगळे पैसे देत नाही, एवढाच अर्थ. 'एडिटोरियल' म्हणजे बातमी किंवा माहितीसाठीच वापरायचं, जाहिरातीत नाही. वारीतल्या गर्दीचे फोटो बहुतेक वेळा या गटात जातात, कारण प्रत्येक वारकऱ्याची परवानगी घेणं शक्य नसतं.

क्रिएटिव्ह कॉमन्स: आधीच दिलेली परवानगी

आपलं काम लोकांनी वापरावं असं वाटत असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सची तयार लायसन्स आहेत. चार अटी लक्षात ठेवा:

- बाय: नाव द्या.
- एसए: त्यातून नवीन काही बनवलंत तर तेही याच अटीवर द्या.
- एनसी: व्यावसायिक वापर नको.
- एनडी: बदल करून पुढे देऊ नका.

यांच्या जोड्यांतून सहा लायसन्स बनतात. 'सीसी झिरो' म्हणजे सगळेच हक्क सोडले. विकिपीडियाच्या लेखांसाठी विकिमीडिया कॉमन्सवर फोटो चढवायचा असेल तर एनसी किंवा एनडी चालत नाही, व्यावसायिक वापरालाही परवानगी द्यावी लागते. आपल्या गावच्या देवळाचा, बारवेचा फोटो तिथे टाकणं खरोखर चांगलं काम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हे लायसन्स एकदा दिलं की मागे घेता येत नाही. मोहाचा सर्वोत्तम फोटो असेल तर रात्रभर थांबून मग ठरवा.

फोटोतल्या माणसाला विचारलं का?

कॉपीराइट फोटोग्राफरचा, पण चेहरा तर त्या माणसाचा. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका मुलीचा फोटो ऑस्ट्रेलियातल्या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत झळकला. फोटोग्राफरने तो फ्लिकरवर 'सीसी बाय' लायसन्सने टाकला होता, म्हणजे व्यावसायिक वापराला त्याची परवानगी होती. मुलीला मात्र कोणी विचारलं नव्हतं. तिच्या कुटुंबाने टेक्सासमध्ये खटला भरला. ऑस्ट्रेलियन कंपनीवर आपला अधिकार चालत नाही म्हणून कोर्टाने तो काढून टाकला, पण जगभरच्या फोटोग्राफरना धडा मिळाला.

म्हणून जाहिरातीसाठी फोटो देणार असाल तर फोटोतल्या व्यक्तीकडून लेखी संमती घ्या. तिला 'मॉडेल रिलीज' म्हणतात. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर पालकांची सही घ्या.

चोरी होण्याआधीची तयारी

- मूळ फाइल जपा. मोबाइलमधली पूर्ण आकाराची फाइल आणि त्याच वेळी काढलेले आजूबाजूचे चार-पाच फोटो डिलीट करू नका. चोराकडे एकच कापलेली प्रत असते, तुमच्याकडे सगळी मालिका. माझ्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा पुरावा ठरला.
- मेटाडेटा भरा. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, मोबाइलचं मॉडेल अशी माहिती आपोआप असते. त्यात तुमचं नाव आणि लायसन्सचा पत्ताही भरता येतो. तो नीट भरलेला फोटो तुमच्या वेबसाइटवर असेल तर गुगल इमेजेसमध्ये त्यावर 'लायसन्स मिळू शकतं' अशी खूण दिसू शकते. ही सोय २०२० पासून आहे.
- व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवू नका. तिथे फोटो लहान होतो आणि मेटाडेटा निघून जातो. क्लायंटला पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- वॉटरमार्क कोपऱ्यात टाकला तर कापला जातो. मी आता विषयाच्या जवळ, फिकट टाकतो. फोटोवरचं तुमचं नाव किंवा हक्कांची माहिती मुद्दाम काढणं हा कलम ६५ब खाली वेगळा गुन्हा आहे आणि त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.
- नोंदणी सक्तीची नाही, पण कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. कॉपीराइट ऑफिसच्या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन अर्ज करता येतो. एका कलाकृतीला साधारणपणे ५०० रुपये फी आहे. आक्षेपांसाठी आधी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक फोटोची नोंदणी परवडणार नाही, पण ज्यातून कमाई होते अशा निवडक कामांची करा.

फोटो चोरीला गेलाच तर?

पायरी १: पुरावा. आधी भांडू नका, कारण भांडलात की समोरचा पोस्ट उडवतो. स्क्रीनशॉट घ्या, त्यात पत्ता आणि तारीख दिसू द्या. फ्लेक्स असेल तर आजूबाजूच्या दुकानासह फोटो काढा. वेब पान असेल तर वेबॅक मशीनवर जतन करा. आणखी कुठे वापरलाय हे गुगल लेन्स आणि टिनआयवर शोधा.

पायरी २: शांत मेसेज. मी पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

"नमस्कार. आपल्या फ्लेक्सवरील इंद्रवज्राचा फोटो मी काढलेला असून त्याचा कॉपीराइट माझ्याकडे आहे. मूळ फाइल माझ्याजवळ आहे. या वापरासाठी माझी परवानगी घेतलेली नाही. कृपया ७ दिवसांत फोटो काढावा, अथवा लायसन्स फी भरून माझ्या नावासह वापर सुरू ठेवावा. उत्तर लेखी द्यावे."

शिव्या नाहीत, "पोलिसात देतो" नाही. बरेच जण अज्ञानातून हे करतात आणि त्यांना माघार घ्यायला वाट हवी असते. बिनबुडाची धमकी दिली तर उलट तुमच्यावरच दावा होऊ शकतो, हेही कायद्यात आहे.

पायरी ३: प्लॅटफॉर्मला तक्रार. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, सगळीकडे कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म असतो. 'रिपोर्ट'मधल्या स्पॅमवर दाबू नका, बौद्धिक संपदा हा पर्याय शोधा. भारतीय नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत त्या मजकुराकडे जाणारी वाट बंद करायची असते. ती २१ दिवस बंद राहते. तोपर्यंत कोर्टाचा आदेश आणला नाही तर कंपनी ती पुन्हा सुरू करू शकते.

पायरी ४: कोर्ट. दिवाणी दाव्यात वापर थांबवण्याचा आदेश, नुकसानभरपाई आणि समोरच्याने कमावलेल्या नफ्याचा हिशेब मागता येतो. दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. आपल्यासारख्यांसाठी मोठा दिलासा म्हणजे कलम ६२. चोर दिल्लीत असला तरी तुम्ही राहता त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयात दावा करता येतो. जाणूनबुजून केलेली चोरी हा फौजदारी गुन्हाही आहे. कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

आणि आपण दुसऱ्याचा फोटो वापरतो तेव्हा?

फ्लेक्सवाल्यावर चिडलेला मी त्याच रात्री माझा जुना ब्लॉग उघडून बसलो. सात फोटो गुगलवरून उचललेले होते, खाली 'सौजन्य: इंटरनेट' लिहून. इंटरनेट नावाचा कोणी फोटोग्राफर नाही. सातही काढून टाकले.

'साभार' किंवा 'फोटो क्रेडिट: मूळ मालक' लिहिल्याने परवानगी मिळत नाही. कायद्यात काही सवलती जरूर आहेत. खासगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी रास्त वापर चालतो. चौकातल्या कायमस्वरूपी पुतळ्याचा किंवा इमारतीचा फोटो काढून प्रसिद्ध करता येतो. 'कायमस्वरूपी' हा शब्द महत्त्वाचा आहे. गणेशोत्सवातली मूर्ती दहा दिवसांची असते, त्यामुळे तिचा फोटो जाहिरातीत वापरायचा असेल तर मूर्तिकाराला आणि मंडळाला विचारलेलं बरं.

सुरक्षित मार्ग हवा असेल तर गुगल इमेजेसमध्ये टूल्समधून वापराच्या हक्कांचा फिल्टर लावा किंवा विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. सगळ्यात सोपं म्हणजे फोटोग्राफरला एक मेसेज करा. मला असे मेसेज येतात आणि शाळेच्या प्रोजेक्टला मी कधीच नाही म्हणत नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोटोला फिल्टर लावला किंवा ब्लॅक अँड व्हाइट केला तर तो माझा होतो का?
नाही. फेरफार करण्याचा हक्कही मूळ मालकाचाच असतो.

दुसऱ्याच्या फोटोवरून पेन्सिल स्केच काढलं तर?
सरावासाठी, घरी ठेवायला काढा. हुबेहूब स्केच विकायचं असेल तर फोटोग्राफरची परवानगी घ्या.

त्याच जागी उभं राहून तसाच फोटो काढला तर?
चालतं. कॉपीराइट तुमच्या फोटोवर असतो, कोकणकड्यावर नाही.

एआयने बनवलेल्या चित्राचा मालक कोण?
भारतीय कायद्यात संगणकाने तयार केलेल्या कलाकृतीचा लेखक 'ती घडवून आणणारी व्यक्ती' असं लिहिलंय, पण ते १९९४ मधलं वाक्य आहे, आजच्या एआयच्या खूप आधीचं. अमेरिकेत २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं, की कॉपीराइटसाठी माणूस लेखक हवा. फक्त एआयच्या चित्रावर धंदा उभा करत असाल तर सावध राहा.

शेवटी, त्या फ्लेक्सचं काय झालं?

मेसेज पाठवल्यावर चार दिवस शांतता. पाचव्या दिवशी त्या आयोजकाचा फोन आला. म्हणाला, "दादा, मला खरंच माहीत नव्हतं. डिझायनरने टाकला." मी चार हजार रुपये लायसन्स फी सांगितली, तीन हजारांवर ठरलं. पुढच्या सीझनच्या फ्लेक्सवर खाली माझं नाव आलं. अक्षरं इतकी बारीक होती की मी रस्ता ओलांडून जवळ गेलो तेव्हा दिसली, पण होती.

आता तो मला दर पावसाळ्यात फोन करतो. फोटो मागायच्या आधी विचारतो, "कशासाठी आणि किती महिन्यांसाठी, ते आधी लिहून पाठवू ना?"

तुमच्या मोबाइलमध्येही असा एखादा फोटो असेल. आज त्याची मूळ फाइल शोधा आणि तिचा बॅकअप घ्या. माहिती उपयोगी वाटली तर फोटो काढणाऱ्या मित्रांना नक्की पाठवा. काही प्रश्न असतील तर विचारा, मला माहीत असेल तेवढं सांगेन.